नऊ मिनिटं एकतीस सेकंद

मुलींचं वसतिगृह, कापसाबेत, केनिया
२ जून १९९७

ती. तापकिगेन आत्यास,
जेसांगचा वाकून सा. न.

एकवीस तारखेला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा आहेत आणि तीन हजार मीटरचा तुझा विक्रम, नऊ मिनिटं एकतीस सेकंद, मला मोडायचाय. रागावू नकोस. सोळा वर्षं मिरवलास की, आता पुरे! सरावात मी फेरी शहात्तर सेकंदांत काढते. अशा साडेसात काढल्या की झालं.

पण बुसिएनेई सर म्हणतात, घड्याळ विसर. शेजारच्या शाळेतल्या चेपकुरुईच्या पाठीला चिकट, समोरचा वारा तिला खाऊ दे, शेवटच्या दोनशे मीटरला सुट. प्रांताच्या स्पर्धेला फक्त पहिली येणारी जाते. तसं केलं तर जिंकेनही, पण ती सुरुवातीला रमतगमत पळते. विक्रम कुठला व्हायला! तू काय केलं होतंस? बाबा म्हणतात, तुला आता गाईंखेरीज काही आठवत नाही.

माया असू दे, विक्रम तेवढा सोड.
तुझीच,
जेसांग

९ जून

चि. जेसांग हिला पोटभर आशीर्वाद.

तुझ्या बाबाला म्हणावं, तू वासरामागे पळताना चड्डी सांभाळायचास तेही मला आठवतं.

जपायचं ते पाचव्या फेरीला. सुरुवातीचा जोर संपलेला असतो, शेवट अजून दिसत नसतो.

आता तू विचारलंस ते. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या वर्गात राएल नावाची मुलगी होती. त्या दिवशी पहिल्यापासून तीच पुढे होती. मी तिच्या मागे, हात लांबवला तर पाठीला लागेल इतकी जवळ. शेवटच्या वळणावर बाजूने निघाले आणि जिंकले. विक्रम माझा, प्रांतालाही मीच गेले. तिने शाळा संपवून लग्न केलं. पलीकडच्या टेकडीवरच राहते. बाजारात भेटते, आम्ही पावसापाण्याचं बोलतो नि आपापल्या वाटेने जातो.

तुझे सर चुकीचं सांगत नाहीत. तू पुढे पळालीस तर चेपकुरुई तुझं तेच करेल, जे मी राएलचं केलं. काय करायचं ते तूच ठरव. मी सांगायला बसले तर मला माझीच लाज वाटेल.

दूध पीत जा. आठवणीत ठेव.
आत्या

२२ जून

ती. आत्यास सा. न.

हरले. आणि तुझा विक्रमही मोडला. दोन्ही एकदमच!

मी पहिल्यापासून पुढे पळाले. सर कुंपणावरून ओरडत होते, मी बहिरी झाले. चेपकुरुईचा श्वास सतत मानेवर. पाचव्या फेरीला पाय शिशाचे झाले, अठ्ठ्याहत्तर लागले. तेवढ्यात ती बाजूला आली. वाटलं, संपलं. तर धापा टाकत म्हणते कशी, ही फेरी मी ओढते, पुढची तू ओढ! आत्या, मला हसूच आलं. खरंच तशा पळालो, एक फेरी ती, एक मी. शेवटची अर्धी फेरी मात्र जिची तिची. ती नऊ अठ्ठावीस, मी नऊ एकोणतीस.

प्रांताला ती जाणार. मी रडले, खोटं कशाला सांगू. बसमधून उतरताना सरांनी स्वतःची तळलेली मंदाझी माझ्या हातात ठेवली, म्हणाले, खा, गाढवे.

तुझी माया कमी झाली नसेल ना?
जेसांग

३० जून

चि. जेसांग हिला दोन आशीर्वाद जास्तीचे.

तुझं पत्र वाचलं आणि गाईंची धार तशीच टाकून टेकडी चढले. राएल मका खुरपत होती. तुझी शर्यत तिला वाचून दाखवली. मग सोळा वर्षांचं सगळं बोलले. तुझ्यामुळे मी पळाले, आणि साधं नावही घेतलं नाही तुझं, असं म्हणाले.

ती खुरपता खुरपताच म्हणाली, दोन वर्षं तुझं तोंड बघवत नव्हतं. पुढे मुलं झाली, रागवायला सवड कुणाला! त्यावर मी रडले, ती नाही. उलट तुझीच चौकशी. पाचव्या फेरीला ही हात वर उचलत असणार, म्हणून दमते, ऑगस्टच्या सुट्टीत पाठव माझ्याकडे, म्हणाली.

मला जरा झोंबलं. म्हटलं, भाची माझी, शिकवेन की मी. तर खुरपं रोखून म्हणते, तू काय शिकवणार? तुला शेवटचं वळण तेवढं येतं!

सुट्टी लागली की थेट ये. आम्ही दोघी वाट बघतो.
तुझी हरलेली आत्या