गैरहजर म्हणजे होकार

२ फेब्रु., रवि.
आमच्या गटाची बैठक ठाकुर्लीला माझ्याच घरी. विषय एकच, आघाडीत जायचं की नाही. सगळे डावे एकत्र येतायत आणि आपण नऊ डोकी बाहेर बसून काय दिवे लावणार, हा नानांचा सवाल. रीतीप्रमाणे सगळ्यात लहानापासून सुरुवात. प्रज्ञा म्हणाली, "ताई, अकेले अकेले कुछ नहीं होगा. जाऊया." मग एकेकाचा हो. आग्नेलचासुद्धा! माझी पाळी आली, मी म्हटलं नाही. नाना थोरले म्हणून शेवटी. ते नुसता चष्मा पुसत बसले. आमच्यात मतदान नसतं. एकाचा जरी नकार आला, की विषय पुढच्या रविवारी. पोहे उरले. रागारागाने मीच संपवले, आता ॲसिडिटी.

४ फेब्रु., मंगळ.
नानांचा फोन. "वसू, उद्या शहाडची वस्ती उठवायला आले तर आपण नऊजण आडवे पडून काय होणार गं? आघाडीची हजार माणसं येतील."
खरं आहे. तेच तर खुपतं. पण अट काय, तर वस्तीबद्दल यापुढे आघाडीतर्फे राजेभाऊ बोलणार, आपण नाही. नदीकाठची ती घरं टिकावीत म्हणून आपण अर्धं आयुष्य घातलं. आणि हा राजेभाऊ परवापर्यंत तिथेच होऊ घातलेल्या टॉवरच्या भूमिपूजनाला बिल्डरशेजारी नारळ धरून उभा होता. आता गळ्यात लाल गमछा. नाना म्हणतात, माणूस बदलतो. बदलतो की. इतक्या घाईत?

७ फेब्रु., शुक्र.
शहाडला गेलेले. वस्तीत मोजणीवाले. दारांवर लाल रंगाने नंबर. एका दाराला कुलूप होतं, तिथे नंबरऐवजी फुली.
वस्तीतली शेवंता भांडली, "अवो सायेब, बाई कामाला गेलीया. येईल की सांजच्याला."
"सांजेला आम्ही नसतो. कुलूप म्हणजे कुणी राहत नाही. रिकामं धरायचं."
आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

९ फेब्रु., रवि.
बैठक डोंबिवलीला, नानांकडे. निघतच होते, शेवंताचा फोन, "ताई, मोजणीवाले परत आलेत, लवकर या." रविवारी? तशीच शहाडला पळाले. दोघं होते. टपरीवर चहा पीत होते. बाराच्या सुमारास उठून गेले, काहीही न मोजता.
मोबाइल बघते तर नानांचा मेसेज. ठराव झाला. आपण आघाडीत.
गैरहजर म्हणजे होकार. नानांचाच नियम, लोक पळ काढतात म्हणून केलेला. एवढी वर्षं मी हसत होते त्याला.
शेवंताला विचारलं, मला बोलवायचं तुला सुचलं का? म्हणाली, "न्हाई वो, राजेभाऊंच्या मान्सानं सांगितलं, ताईला बोलवून घ्या."
मनात पाल चुकचुकली. नानांना कळवलं.

१० फेब्रु., सोम.
नानांशी भांडण. "नियम सगळ्यांना सारखा, वसू." बस्स, एवढंच.
संध्याकाळी आग्नेल आला, सुके बोंबील घेऊन. समजूत काढायला आला की हा वास मागे सोडायला, देव जाणे. "तू एकटी पडशील गो बाय." म्हटलं, पाडलं कोणी? तो गेल्यावर खूप रडले. ही माणसं सोडली तर मला दुसरं कोण आहे? भीती वाटते.

१५ फेब्रु., शनि.
खाली बाइकवर एकजण. वॉचमनला विचारत होता, मॅडम कुठल्या मजल्यावर, एकट्याच असतात का. नाना म्हणाले, "आघाडीचे कार्यकर्ते असतील, भेटायला आले असतील." मग भेटले का नाहीत?

१९ फेब्रु., बुध.
पार ठाण्यात, माजिवड्याला आघाडीची सभा. सोमवारी, सकाळी दहाला. कामाच्या दिवशी सभा कोण ठेवतं! वस्तीला बस पाठवणार. पोराबाळांसकट सगळे हवेत, घरी एकही माणूस नको, असा निरोप. बॅनरवर माझा फोटो, हात जोडलेला. मला न विचारता.

२२ फेब्रु., शनि.
वस्तीत जत्रेसारखं वातावरण. टोप्या वाटल्या, खाऊ वाटला. शेवंताने कौतुकाने पुडकं उघडून दाखवलं. कुलूप. नवंकोरं.
"घरटी एक दिलंय, ताई. सबेला गेल्यावर चोरी नको म्हणून."
ज्या दारांना धड कडी नाही त्यांना कुलुपं.
नानांना तिथूनच फोन. म्हटलं, कुलूप म्हणजे रिकामं, मोजणीवाल्याने माझ्यासमोर सांगितलंय. सोमवारी मोजणीवाले आले तर एकूण एक दाराला कुलूप असेल. कळतंय का तुम्हाला?
नाना म्हणाले, "काळजीपोटी दिली असतील गं. तू स्टेजवर नसलीस तर फार वाईट दिसेल."
"नसले तर होकार धरा. तुमचाच नियम आहे." फोन ठेवला.

२३ फेब्रु., रवि.
दिवसभर दारोदार. घरात एकतरी माणूस ठेवा, कुलूप लावू नका. काही ऐकतात. एक म्हातारा डाफरला, "तुमचाच गट म्हंतो जा, तुमीच म्हंता नगा जाऊ. आमी काय येडे?" मागे बॅनरवर मीच हसत होते.
प्रज्ञाने फोन उचलला नाही. आग्नेल येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. नानांनी संध्याकाळी फोन करून विचारलं, "बस किती वाजता?" म्हटलं, आठला. त्यांनी ठेवला. का विचारलं?
उद्या आठच्या आधी शेवंताच्या दारात बसणार आहे, कुणी येवो न येवो. ती काय करणार, सांगेना. पोरांना नवे कपडे घालायचेत म्हणाली. निघताना पाहिलं, कुलूप ओट्यावर होतं, किल्ली त्यातच.