झिपरू गावितला पळताना पाहिलेल्या माणसाचे मृत्युपत्र

मी, ज्ञानेश कोंडाजी माळोदे, वय वर्षे ६९, निवृत्त, राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मी दारू घेत नाही, आणि झोपेची गोळीही आज घेतलेली नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडावा लागला, कारण या शहरात माझ्या डोक्याबद्दल शंका असलेले लोक पुष्कळ आहेत, आणि तसे कारण त्यांना मीच दिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचा कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

१. माझ्या मागे काय आहे ते सांगण्याआधी मी कोण होतो ते सांगतो. मखमलाबादला माझ्या वडिलांचा भाजीचा मळा होता. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता मी रेडिओवरचे समालोचन ऐकायचो आणि पाठ म्हणायचो. स्वतः कुठलाच खेळ मला धड आला नाही. तरी एकतीस वर्षे दर रविवारी सकाळी मी नाशिकच्या एका स्थानिक रेडिओ केंद्रावर 'मैदानाच्या काठावरून' हा कार्यक्रम केला. केंद्राचे नाव लिहीत नाही, तशी त्यांच्या वकिलांची लेखी विनंती आहे. चांदवडच्या शाळेतल्या खो-खोच्या मुली, गावजत्रेतले पैलवान, गल्लीतल्या क्रिकेटचे कप्तान, या सगळ्यांची नावे मी पहिल्यांदा हवेत सोडली. 'रेडिओवर नाव आलं' याला तेव्हा किंमत होती.

२. माझ्या बेचाळीस वह्या, दुर्बीण आणि जुना टेपरेकॉर्डर तृप्ती जेजुरकर हिला द्यावा. तृप्ती माझ्या कार्यक्रमाची निर्माती होती. काचेपलीकडे बसून तिने अकरा वर्षे माझ्या चुका खुणेने सांगितल्या आणि मी त्या खुणा न दिसल्यासारखे केले. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. एकेचाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या वहीत झिपरू गावित या धावपटूवर साठएक पाने आहेत. ती फाडू नयेत.

३. गंगापूर रोडवर मोबाइलच्या कव्हरांचे दुकान चालवणारा राजू यास मी काहीही ठेवत नाही. 'वर्षातला सर्वोत्कृष्ट श्रोता' म्हणून मी त्याला एक भिंतीवरचे घड्याळ दिले होते, तेही परत मागू नये. कारण असे.

शेवटच्या काही वर्षांत लोक कार्यक्रमाला फोन करायचे ते माझी मजा घ्यायला. माझ्या खाकरण्याची नक्कल करत, माझे 'बरं का मंडळी' मलाच ऐकवत. मी हसून घ्यायचो. नोव्हेंबर २०२१ मध्ये राजूचा फोन आला. "काका, झिपरू गावितला ओळखता ना? सुरगाण्याकडचा. दहा हजार मीटर अनवाणी पळतो."

मी ओळखत नव्हतो. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य मी हवेत कधी म्हटले नव्हते.

"ओळखतो म्हणजे काय! वणीला पळताना पाहिलाय मी त्याला. झिपरू पळतो तेव्हा वारा मागे राहतो, बरं का मंडळी!"

काचेपलीकडे तृप्तीने हात हलवून नाही-नाही केले. दुपारी जेवताना माझी पत्नी छाया म्हणाली, "तुम्ही वणीला कधी गेला होतात हो?" मी तिला म्हणालो, "खेळातलं तुला काय कळतं?" तिने वाटीत आमटी वाढली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर चौदा महिने दर रविवारी राजू आणि त्याचे मित्र वेगवेगळ्या आवाजांत झिपरूच्या बातम्या देत राहिले आणि मी त्यांत भर घालत राहिलो. झिपरूला प्रशिक्षक मी दिला. त्याच्या गुडघ्याचे दुखणे मी काढले. त्याची आई त्याला नागलीची भाकरी बांधून देते, हेही मीच सांगितले, आणि सांगताना मी हवेतच रडलो होतो. ते खोटे रडे नव्हते, एवढे मात्र नमूद करतो.

जानेवारी २०२३ च्या दुसऱ्या रविवारी कार्यक्रमाचा वर्धापनदिन होता. राजूचा फोन आला. "काका, वाईट बातमी आहे. झिपरू गेला. ट्रकने उडवला."

मी थेट प्रक्षेपणात एक मिनिटाचे मौन जाहीर केले. उभा राहिलो. तृप्तीलाही उभे केले. रेडिओवर एक मिनिट शांतता किती लांब असते ते ऐकणाऱ्यालाच कळते. मिनिट संपत आले तेव्हा फोनवरून तीस-चाळीस माणसे एकदम हसली. राजूने दुकानात सगळ्यांना जमवून स्पीकर लावला होता. "काका," तो म्हणाला, "तो जन्मलाच नव्हता हो!"

संध्याकाळपर्यंत ते रेकॉर्डिंग नाशिकमधल्या प्रत्येक फोनवर होते. दुसऱ्या दिवशी मी राजूच्या दुकानात गेलो. मी त्याला विचारले, "मी तुझं काय बिघडवलं होतं?" तो खरोखर गोंधळला. "काही नाही हो काका. टाइमपास होता. राग आला का? एक सेल्फी घेऊ?" मी दिलेले घड्याळ त्याच्या मागच्या भिंतीवर होते. मी सेल्फी दिली. हसलोही.

राजूने माझा सूड घेतला असता तर मी त्याला माफ केले असते.

४. माझा मुलगा साई याचे इंदिरानगरला स्वतःचे घर आहे. त्याला माझ्या मिळकतीतून काही मिळणार नाही. माझा आवाज त्याच्याकडे आधीच आहे. त्या मौनानंतरच्या आठवड्यात छायाला दवाखान्यात ठेवले होते. आम्ही बापलेक बाहेर बाकावर बसलो होतो आणि साईचा फोन वाजला. 'झिपरू पळतो तेव्हा वारा मागे राहतो, बरं का मंडळी!' माझ्याच मुलाने ती रिंगटोन लावली होती. शेजारच्या बाकावरची माणसे हसली. साई म्हणाला, "सॉरी पप्पा, ऑफिसमध्ये सगळ्यांनी लावलीय, मग मीपण लावली." नवव्या दिवशी छाया गेली. तिला मी सांगायचे ते सांगितले नाही, की तुला खेळातले माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

छायाचे दागिने साईची मुलगी दिशा हिला ती अठरा वर्षांची झाल्यावर द्यावेत. दिशा माझ्यावर कधी हसली नाही. ती मला विचारायची, "आजोबा, झिपरूचं पुढे काय झालं?"

५. मी गेल्यावर रेडिओ केंद्राने श्रद्धांजलीचा कार्यक्रम करू नये. केलाच तर फोनची लाइन बंद ठेवावी. मौनानंतर त्यांनी मला काढले नाही, कारण श्रोते तिपटीने वाढले होते. व्यवस्थापक म्हणाले, "सर, लोक तुमच्यावर हसतायत, पण ऐकतायत ना!" मी राहिलो. पुढच्या कलमात जे आहे ते मी राहिलो म्हणून घडले.

६. गंगापूर रोडवरचे माझे राहते घर, जे माझ्या स्वकमाईचे आहे आणि ज्यावर कोणाचा बोजा नाही, आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, मी कोणाला देतो हे शेवटी लिहितो. आधी का ते लिहितो. हा भाग मी साईला, तृप्तीला किंवा कोणालाही सांगितलेला नाही.

छाया गेल्यानंतर दीडेक महिन्याने, मार्चमध्ये, कार्यक्रमात एका माणसाचा फोन आला. तो दबकत बोलत होता.

"साहेब, मी दत्तू भोये. पेठकडून बोलतोय. माझी पोरगी हाय, मीना. पाच हजार मीटर पळती. पुढच्या महिन्यात नाशिकला निवड हाय. तिचं नाव जरा रेडिओवर घ्या."

"का बरं?" मी विचारले.

"सोयरीक आलीय, साहेब. पाहुणे थांबाया तयार नाय. रेडिओवर नाव आलं तर ऐकतील. पोर लय पळती, साहेब."

मी मनात म्हटले, आले परत. या वेळी मी फसणार नव्हतो. "दत्तूभाऊ," मी म्हणालो, "ही आपल्या झिपरूची बहीण का? तीपण ट्रकखाली जायच्या आधी लग्न उरकून टाका!"

तो म्हणाला, "नाय साहेब, खरंच हाय ती." मी फोन कापला. त्या दिवशी फोनांचा पाऊस पडला. पहिल्यांदाच लोक माझ्यावर हसत नव्हते, माझ्याबरोबर हसत होते. ते रेकॉर्डिंगही फोनाफोनी फिरले. पेठलाही गेले.

इथपर्यंतचे मी चूक म्हणून लिहू शकतो. पुढचे नाही.

एप्रिलमध्ये शहरातल्या एका मैदानावर निवड स्पर्धा होती आणि समालोचनाला आयोजकांनी मला बोलावले होते. लोक मलाच बघायला आले होते. माझ्या हातात धावपटूंची यादी होती. सातव्या क्रमांकावर मीना दत्तू भोये, तालुका पेठ. मी ते नाव वाचले. दोनदा वाचले. दोरीपलीकडे डोक्यावरची टोपी हातात घेऊन एक माणूस उभा होता, तो दत्तू असणार हेही मला कळले.

पोरगी पळत होती. अंगाने बारीक, उधार आणल्यासारखे मोठे बूट. आठव्या फेरीला ती पुढे होती, पंचवीस-तीस पावलांनी. इतक्या वर्षांत मी तसे पळणे पाहिले नव्हते. तेवढ्यात दोरीजवळची काही पोरे ओरडली, "झिपरूची बहीण आली रे!" मैदानात हशा पिकला, आणि सगळ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. ते वाट बघत होते.

माइक माझ्या हातात होता. ती खरी आहे हे मला माहीत होते. मी म्हणालो, "आणि ही आली, मंडळी, झिपरूची बहीण!"

काय टाळ्या पडल्या.

ती समोरच्या वळणावर थांबली. पडली नाही, पायात काही मोडले नाही. नुसती थांबली, दोरीखालून वाकून बाहेर गेली आणि बूट काढून बापाच्या हातात दिले. मी दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीचे नाव घेतले आणि समालोचन पुढे चालू ठेवले. मे महिन्यात मीनाचे लग्न झाले. मी जूनमध्ये तब्येतीचे कारण देऊन कार्यक्रम सोडला.

७. या वर्षी ऑगस्टमध्ये मी पेठ तालुक्यातल्या करंजपाड्याला, दत्तूच्या घरी गेलो. मीना माहेरी आली होती, भात लावायला. तिची आई अक्काबाई हिने मला ओसरीवर बसवले आणि चहा दिला. मी कोण ते सांगितल्यावर ती कप माझ्या हातातून परत घेईल असे वाटले. तिने घेतला नाही. म्हणाली, "पिऊन घ्या नि जा."

मीना चिखलाच्या पायांनी दाराशी उभी राहिली. मी माफी मागितली. माझे घर तिच्या नावावर करतो म्हणालो. ती म्हणाली, "हे बी रेकॉर्ड करताय का?"

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

"सासरी मला अजून तेच नाव हाय," ती म्हणाली. "दीर म्हणतो, नणंद म्हणती, शेजारची पोरं म्हणतात. द्राक्षाच्या मळ्यात कामाला गेले तर मुकादमबी म्हणतो. तुमचं घर नको. फक्त माझं नाव आता कुठं घेऊ नका. कुठंच."

मी वचन दिले.

८. नाशिकला परतल्यावर मी वकिलांना विचारले की नाव न लिहिता घर देता येते का. ते म्हणाले, 'ती मुलगी' असे लिहून घर कोणाला मिळत नसते. पूर्ण नाव लागते, बापाचे नाव, गाव, तालुका. साईने हरकत घेतली, आणि तो घेईल, तर न्यायालयाची नोटीस वर्तमानपत्रात छापून येईल, त्यातही ते नाव असेल. तिने घर नाकारले तरी नाकारण्याच्या कागदावर तिलाच पूर्ण नावाने सही करावी लागेल. मी महिनाभर विचार केला. दुसरा मार्ग सापडला नाही, किंवा मी तो पुरेसा शोधला नाही.

म्हणून कलम सहामध्ये लिहिलेली माझी सर्व मिळकत मी मीना दत्तू भोये, माहेर करंजपाडा, तालुका पेठ, जिल्हा नाशिक, हिला देत आहे. हे मी तिच्या मर्जीविरुद्ध, दिलेले वचन मोडून आणि पूर्ण शुद्धीत लिहिले आहे.

ठिकाण : नाशिक
दिनांक : १६ सप्टेंबर २०२५

लिहून देणार : (सही) ज्ञानेश कोंडाजी माळोदे

लिहून देणार यांनी आमच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष सही केली :

साक्षीदार १. (सही) डॉ. पूजा काठे, गंगापूर रोड, नाशिक
साक्षीदार २. (डाव्या हाताचा अंगठा) भागीबाई तिडके, घरकाम, मखमलाबाद. मजकूर वाचून दाखवला. ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "नाव लिहायच्या आधी त्या पोरीला परत विचारायचं होतं." हे त्यांच्या सांगण्यावरून लिहिले.