पाच तारखेचं पाकीट

प्रिय दादा,

तुला वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं मनातल्या मनात उरकलं आहे, तू आशीर्वाद मात्र पूर्ण दे.) वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना चढताना पायऱ्या मोजू नकोस, मोजल्या की त्या वाढतात. छोटीचे पुढचे दात आले का? गेल्या वेळी फोनवर ती काहीही बोलली तरी निम्मी हवाच यायची, ते आठवून मी दोन दिवस एकटीच हसत होते. तुझ्या रक्तदाबाचं मुद्दाम शेवटी विचारते आहे, कारण पुढचं वाचायच्या आधी तू गोळी घेतलेली बरी. घेतलीस? मग वाच.

तुला कर्जवाल्या कंपनीचं एक पत्र येईल, एव्हाना आलंही असेल. त्यात लिहिलं असेल की आपल्या धाकट्या बहिणीने कागद कापायच्या मशीनसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता गेल्या चार महिन्यांत तीनदा उशिरा पोचला, आणि जामीनदार या नात्याने आपण याची नोंद घ्यावी. तू स्वतः घरासाठी कर्ज काढायच्या खटपटीत आहेस हे मला ठाऊक आहे, आणि माझ्यापायी तुझ्या नावावर डाग पडला तर मी वहिनीला तोंड कसं दाखवू? पण दादा, तुझ्या गळ्याची शपथ (माझ्या गळ्याची घेतली असती, पण तो सध्या बसला आहे, का बसला ते पुढे येतंच आहे), मी एकही हप्ता उशिरा भरलेला नाही. पाच तारखेची मुदत. दर एक तारखेला सकाळी चेक लिहून, पाकिटात घालून, पुस्तकांना लावते त्याच खळीने ते चिकटवून, वर तिकीट लावून मी टपालात देते. चार दिवसांत एखादी गोगलगायसुद्धा गावातल्या गावात पोचली असती.

आता तू विचारशील की एवढा फोन हातात असताना चेक टपालाने कशाला? हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू फोनवर "सगळं ठीक ना?" एवढंच विचारतोस आणि मीही "ठीक" म्हणते, त्या सगळ्यात बाबा धरलेले असतात असं समजून. आई गेल्यावर बाबा खिडकीकडे तोंड करून बसायचे. दाढी नाही, बोलणं नाही, ताट पुढे ठेवलं तर ताटाकडे बघत राहायचे. मशीन आलं त्या महिन्यात मला बांधणीच्या कामातून मान वर करायला फुरसत नव्हती, म्हणून हप्त्याचं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, बाबा, एवढं कोपऱ्यावरच्या पेटीत टाकता का? दादा, ते उठले. दाढी केली. ट्रंकेतून पोस्टाच्या युनिफॉर्मचा शर्ट काढला, बूट पुसले, खिशाला पेन लावलं, आणि निघाले. तीन तासांनी आले ते आल्या आल्या वाढ म्हणाले. त्या दिवशी मी खळ ढवळता ढवळता इतकी रडले की ती पातळ झाली. तेव्हापासून एक तारीख ही बाबांची ड्युटी. कोपऱ्यावरच्या पेटीला तीन तास कसे लागतात हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण मला वाटायचं, बसत असतील पोस्टात जुन्या लोकांशी गप्पा मारत.

चार महिन्यांपूर्वी पहिला दंड लागला तेव्हा मी भरून टाकला. पुढच्या महिन्यात हप्ता वेळेवर पोचला, मी विसरून गेले. मग ओळीने दोनदा उशीर, दोनदा दंड, आणि शेवटी ते जामीनदाराला कळवण्याचं पत्र. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठून, खळीच्या हातांनी, कंपनीच्या ऑफिसात गेले. (ऑफिस आता नव्या जागी आहे, पुलापलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टला "बंद आहे" अशी पाटी आहे आणि ती पाटी मात्र कायमची पितळी करून घेतली आहे.) खिडकीवरच्या बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी समजावलं की तुम्ही कधी पाठवलं ते आम्हाला कळत नाही, आमचा शिक्का ज्या दिवशी बसला तो दिवस खरा. मी म्हटलं, मग पोस्टाचा शिक्का बघा की! बाईंनी फाईल काढली, माझी तिन्ही पाकिटं टेबलावर मांडली. एकाही तिकिटावर पोस्टाचा शिक्का नाही. तिकिटं कोरी करकरीत. मग बाई जरा पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "रागावू नका, पण तुमची पाकिटं नेहमी केसाळ का असतात?"

खरंच होती रे! पाकिटाच्या कडेला जिथे माझी खळ थोडी बाहेर येते तिथे बारीक बारीक केस चिकटलेले, काळे, पांढरे, एक तर मेंदी लावलेला. आणि वास पावडरचा. घामाघूम होऊन तीन जिने चढलेल्या बाईने यावर काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, आमच्याकडे मांजर आहे. (मांजर नाही. तुला माहीत आहे.) बाई दयाळू होत्या, त्यांनी मला एक फॉर्म दिला. यावर एक सही करा म्हणाल्या, हप्ता दर महिन्याला तुमच्या खात्यातून आपोआप येईल, पाकीट नको, तिकीट नको, मांजर नको. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. सही करणं सोपं होतं, पण मग एक तारखेला बाबांच्या हातात काय देऊ?

तेव्हा मी ठरवलं की चोर पकडायचा. आणि सगळ्यात आधी जाऊन पकडलं कोणाला, तर आपल्या गल्लीच्या पोस्टमनला. बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस, मला ताई म्हणतो, पण मी आगा पाहिला ना पीछा. भर गल्लीत त्याला असं काही सुनावलं की समोरच्या इस्त्रीवाल्याने कोणाचा तरी सदरा जाळला. (माझा गळा बसला तो इथे.) पोस्टमनने सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, डोकं पुसलं आणि म्हणाला, "ताई, त्या कंपनीचं पाकीट चार महिन्यांत काय, कधीच माझ्या पेटीत आलेलं नाही." एवढंच बोलून सायकलवर बसून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. रात्रभर मला त्याची ती टोपी डोळ्यांसमोर दिसत होती.

मग या एक तारखेला मी बाबांच्या हातात पाकीट दिलं आणि ते कोपऱ्यावर वळल्यावर डोक्यावर ओढणी घेऊन त्यांच्या मागे निघाले. तुझी बहीण हेर म्हणून कशी आहे विचारशील, तर एका कुत्र्याने, दोन ओळखीच्या बायकांनी आणि दूधवाल्याने मला पहिल्या वळणाच्या आतच ओळखलं. पण बाबांचं मागे लक्ष नव्हतं. पेटी आली. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ पुढे. आणि मग, दादा, ते आपल्या जुन्या बीटवर निघाले, अगदी नोकरीत होते त्याच रस्त्याने, त्याच बाजूने. प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबायचे आणि आत बघून सांगायचे, "आज तुमचं काही नाही." आणि आतून लोक म्हणायचे, "बरं बाबा, उद्या बघू." कोणी हसत नव्हतं. एका म्हातारीने तर पाण्याचा तांब्या दारात भरून ठेवला होता. पत्र यायचे दिवस गेले, पण कोणी तरी रोज नाही तर महिन्याने का होईना दारात येऊन आपली चौकशी करतं, हे त्या लोकांना बरं वाटत असावं. मी भाजीच्या गाडीआड उभी राहून डोळे पुसत होते, तेवढ्यात बाबा गर्रकन वळले. माझ्याकडे नीट बघितलं. आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, टपाल घरीच मिळेल, रस्त्यात देता येत नाही." ओळखलं नाही रे त्यांनी मला. मी "बरं" म्हटलं.

शेवटी ते कंपनीच्या जुन्या इमारतीत शिरले. तिथे आता सलून आहे. सलूनवाल्याने गिऱ्हाईकाचा अर्धा गाल तसाच फेसात ठेवला, हात पुसले, दोन्ही हातांनी पाकीट घेतलं आणि बाबांनी पुढे केलेल्या डायरीत "कंपनीतर्फे" म्हणून सही केली. बाबांनी सही तपासली, सलाम केला आणि परत निघाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी आत गेले तेव्हा सलूनवाला आधी घाबरला, मग सगळं सांगितलं. ऑफिस हललं त्या महिन्यात त्याने बाबांना सांगून बघितलं होतं. पाकिटावर नवा पत्ता मी ठळक अक्षरात लिहिला होता तोही दाखवला. बाबा म्हणाले, पत्ता नवख्या पोस्टमनसाठी असतो, मी नाव बघतो, आणि या नावाचं टपाल तीस वर्षं याच दारात देतो आहे. आणि पाकीट पुढे धरून ते तसेच उभे राहिले, म्हणून त्याने ते घेऊन टाकलं. तेव्हापासून ते कात्र्यांच्या खणात ठेवायचं आणि सोमवारी दुकान बंद असलं की स्वतःच्या सुट्टीत पुलापलीकडे जाऊन, तीन जिने चढून द्यायचं. सोमवार पाच तारखेच्या आत आला तर हप्ता वेळेवर, नाही तर उशिरा. बिचारा मलाच म्हणाला, माफ करा, मधल्या वारी दुकान सोडता येत नाही. आता याला काय बोलायचं? मी त्याच्या फाटक्या हिशोबाच्या वहीला कापडी पुठ्ठा बांधून द्यायचं कबूल करून आले.

तर दादा, उशीर झाला तो असा. कोणाला बोल लावू? आपलेच दात, आपलेच ओठ. कंपनीचं पत्र आलं तर घाबरू नकोस, फाडून टाक. फॉर्मवर मी सही केली आहे, पुढच्या महिन्यापासून हप्ता आपोआप जाईल, आणि खिडकीवरच्या बाईंनी सगळी हकिगत ऐकून तुझ्या नावावरची नोंद काढायला वरती कागद पाठवला आहे. (ऐकताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला.) तू कामात आहेस, मुद्दाम येण्याची काही गरज नाही. वहिनीला नमस्कार, छोटीला पापा.

तुझी धाकटी,
बटण

ता. क. पोस्टमनची माफी मागितली, त्याच गल्लीत, तेवढ्याच मोठ्याने, म्हणजे उरलासुरला गळाही बसला. त्याला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. गुरूची चहाडी कशी करू, म्हणाला. इस्त्रीवाल्याला सदऱ्याचे पैसे दिले.

दुसरा ता. क. मी फार हुशारी केली होती. आता चेक नको, तर एका पाकिटात कोरा कागद घालून कंपनीचं नाव घातलं आणि बाबांना दिलं, ड्युटी चालू राहावी म्हणून. सलूनवालाही तयार होता. बाबांनी पाकीट तळहातावर तोललं आणि मला परत दिलं. म्हणाले, "यात कोणी काही लिहिलेलं नाही. असलं मी टाकत नाही. लोकांना आशा लागते." म्हणून मग खरंखुरं पत्र लिहायला बसले, ते हे. खरं लिहावं असं माझं दुसरं आहेच कोण?

तिसरा ता. क. हे तुझ्या हातात आहे ती नक्कल आहे. सलूनवाल्यासमोर मी स्वतः पेटीत टाकणार आहे. मूळ पत्र मी परवा बाबांना दिलं होतं, तुझं पूर्ण नाव आणि तुझा नवा पत्ता घालून. बाबांनी दाढी केली, शर्ट घातला, नाव वाचलं, बाहेर पडले आणि गल्लीला एक फेरी मारून दहा मिनिटांत आपल्याच दारात परत आले. बाहेर बूट काढले, आत जाऊन पत्र तुझ्या खाटेवर उशीपाशी ठेवलं. पत्ता नवख्यांसाठी असतो ना. मग डायरीत लिहिलं: घरी नाही, येईल. मी म्हटलं, बाबा, मी सही करते त्याच्या वतीने. तर म्हणाले, ज्याचं त्याच्या हातात. तू त्यांची सायकल विकलीस, त्यांनी तुला या दारात पाऊल ठेवू नकोस म्हटलं आणि तूही दीड वर्ष ते अक्षरशः पाळलंस, यातलं त्यांना काहीच आठवत नाही रे. आता ते एवढंच धरून बसले आहेत की तू बाहेर गेला आहेस. कालपासून दर तासाला खाटेपाशी जाऊन बघतात. मघाशी लिहिलं ना येण्याची गरज नाही म्हणून, ते खोडायचं राहिलं. सही करायला ये. पेन आणू नकोस, ते त्यांच्या खिशालाच आहे.