रविवारी माझी आत्या होऊन ये

शाहूपुरी, कोल्हापूर
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप शिवगंगा आत्यास,

रक्षिताचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. माझ्या रूममध्ये टेबल नाही, बॅगेवर कागद ठेवून लिहितेय.) तुझी कंबर कशी आहे? मामांची शुगर? मी इकडे मजेत आहे, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. शाळेत आम्हाला पत्र म्हणजे फक्त प्रिन्सिपलला रजेचा अर्ज शिकवला, तोही इंग्लिशमधून, त्यामुळे कुठे चुकलं तर हस. पण मोठ्यानं हसू नकोस, मामा विचारतील काय झालं.

फोन का नाही केला म्हणशील. तुझा फोन दिवसभर मामांच्या बियाण्याच्या दुकानात गल्ल्यावर असतो आणि माझा व्हॉइस मेसेज गिऱ्हाइकांसकट सगळे ऐकतात. मागे मी केस गळतात म्हणून सांगितलं, तर सोयाबीनचं बी न्यायला आलेल्या कुणा पावण्यानं उलट मेसेज करून मला कांद्याचा रस सुचवला. (लावला. रूम दोन दिवस वास मारत होती. केस गळतातच.) आता जे सांगणार आहे ते तसं दुकानात वाजवून चालणार नाही. आम्हाला सोशल वर्कमध्ये गोपनीयता फार महत्त्वाची असते. माझ्या कॉटच्या वर मी आमची सगळी तत्त्वं लिहून चिकटवलीयत: माणूस आहे तसा स्वीकारा, त्याला नावं ठेवू नका, त्याचं गुपित बाहेर काढू नका, त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्या, आणि त्याच्यात गुंतून जाऊ नका. रोज सकाळी उठले की पहिलं तेच दिसतं. दुसरं काही दिसण्यासारखं समोर नाही, पार्टनर गेल्या महिन्यात रूम सोडून गेली.

तर एका संस्थेत माझं फिल्डवर्क आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायचं, बोलायचं, रिपोर्ट लिहायचा. माझ्या वाट्याला ज्या आजी आल्या त्यांचं नाव मी सांगणार नाही, त्यांना आपण क्ष आजी म्हणू. पत्ताही सांगणार नाही. एवढंच की रूमपासून चालत जाता येतं, पिठाच्या गिरणीशेजारचं निळं दार, आणि तुळशीच्या डब्यात मिरची लावलीय.

पहिल्याच दिवशी, बोलणं गोपनीय राहावं म्हणून मी आत गेल्यागेल्या ते निळं दार लावून कडी घातली. आत्या, त्या गल्लीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नाही. लागलं की आत कुणाचं तरी काहीतरी झालं असंच धरतात. मी पेन काढेपर्यंत दारावर थापा सुरू. उघडलं तर शेजारच्या शालूबाई, गिरणीवाला डोक्यापासून पांढरा झालेला, आणि मागे कुणीतरी डॉक्टरला आणायला गाडीला किक मारतोय. “काय झालं गं म्हातारीला?” शालूबाई ओरडल्या. तर आतनं क्ष आजी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं, “मला काय हुतंय? ही पोरगी काय तरी गुपित इचारतीया, या समदी आत!” सगळे आले. आजींना जे आठवेना ते शालूबाईंनी सांगितलं, शालूबाईंचं चुकलं तिथं गिरणीवाल्यानं दुरुस्त केलं. (दार लावलं तेव्हा दारामागे एक भरलेली नायलॉनची पिशवी दिसली, तोंड दोरीनं आवळून बांधलेलं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘घरात सामान ठेवायला जागा कमी’. ही पिशवी लक्षात ठेव.)

मग आमची ऐकून घ्यायची एक पद्धत असते. समोरचा जे म्हणतो तेच आपण हळू आवाजात परत म्हणायचं, म्हणजे त्याला वाटतं याला आपलं कळलं. आजी म्हणाल्या, “मला हितं करमत न्हाय बघ.” मी मान हलवून म्हटलं, तुम्हाला इथं करमत नाही. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. “आत्ता मी काय बोललो मग? कानानं कमी हायस काय गं?” पुढच्या वेळी त्यांनी माझ्या कानात घालायला लसूण घालून तेल कोमट करून ठेवलं होतं.

जेवणाचं तर विचारू नकोस. क्लायंटच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा आमचा नियम. आजींनी ताट वाढलं आणि मी गोड आवाजात नको म्हणाले. त्या ताट उचलून आत गेल्या. शालूबाईच दारातून म्हणाल्या, “लिंगायताची हाय न्हवं ती. आपल्यातलं कशाला खाईल?” आत्या, मला कानाखाली मारल्यासारखं झालं. मी पुस्तकातल्या नियमामुळे नाही म्हणाले आणि त्या घरानं त्याचा अर्थ काय घेतला बघ. माणसाचा मान राखा हे तर आमचं सगळ्यात वरचं तत्त्व! मी आत गेले, तेच ताट घेतलं, भाकरी, आमटी आणि खर्डा, सगळं संपवलं. खर्ड्यानं डोळ्यांतून धार लागली. आजींना वाटलं मी रडतेय, म्हणून त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि मग मी खरंच रडायला लागले. आमच्या फिल्डवर्कच्या निशिगंधा मॅडमनी रिपोर्ट वाचून विचारलं, तुझा भावनांवरचा ताबा कुठे गेला? मी सांगितलं, मॅडम, खर्डा फार तिखट होता.

त्यानंतर दर मंगळवार-शुक्रवार तिथंच जेवते. प्रश्नही आता आजीच विचारतात. तुझं कोण हाय हितं? काल काय खाल्लंस? आई फोन करती का? (आई करते. बेंगळुरूमध्ये आईबाबा दोघांचंही ऑफिस उशिरा सुटतं, मग मेसेज येतो, मी अंगठा पाठवते, तीही अंगठा पाठवते.) तुला खोटं वाटेल, पण इथं रविवारी माझा दिवसातला पहिला शब्द संध्याकाळी पाच वाजता निघतो, भेळवाल्यासमोर, ‘तिखट कमी’. परवाच्या रविवारी तर आवाजच फुटेना. खाकरून परत म्हणावं लागलं. त्यानं विचारलं, “सर्दी झालीया व्हय?” मी म्हटलं, हो. एवढ्यावर तरी त्यानं शेव जास्त घातली.

आता खरी गोष्ट. आजींचा मुलगा पुण्यात असतो, विजयसिंह. (हे नाव विसर.) चांगला माणूस आहे, रोज फोन करतो, आई इकडे ये म्हणून मागे लागलाय. ये की नको, हे आजींनी ठरवायचं, मी एक शब्द बोलायचा नाही. त्यांचा निर्णय त्यांचा. मला मनातून काय वाटत होतं ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही. मनातून मी रोज म्हणत होते, नका जाऊ.

गेल्या शुक्रवारी मी जेवत असताना त्याचा फोन आला. आजी फोन नेहमी स्पीकरवर आणि हातभर लांब धरतात. म्हणाल्या, “न्हाय येत बाबा एवढ्यात. हितं एक पोरगी हाय, तिला कोण न्हाय. मंगळवारी आन् शुक्रवारी माझ्याकडं जेवती. मी गेलो तर खाईल काय?” माझ्या हातात भाकरीचा तुकडा तसाच. फोन ठेवून आजी म्हणाल्या, “वाढू का आमटी?”

मग मी विचारलं, की आजी, माझं सोडा, तुम्हाला काय पाहिजे? त्यांनी उठून निळं दार लोटलं. मागे तीच पिशवी. दोरी सोडून आतली वाकळ काढून दाखवली, नातीसाठी शिवलेली, जुन्या लुगड्यांची, चारी कोपऱ्यांना लाल ठिपके. नातीचे पुढचे दोन दात पडलेत, ती फोनवर जीभ त्या फटीतून काढून दाखवते. “तिचं नवं दात येस्तोवर जायाचं हुतं,” म्हणाल्या. “पर तुझं काय तरी मार्गी लागू दे. पिशवी काय, भरूनच हाय.” आणि दार परत उघडं टाकलं.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “यात क्लायंट कोण आणि वर्कर कोण, हेच मला कळत नाही.” मग म्हणाल्या की माणसाचा निर्णय त्याचा असतो, पण तो खऱ्या माहितीवर घेतलेला हवा. तुझं फिल्डवर्क महिनाअखेरीला संपतंय, हे त्यांना सांगितलंस का? नव्हतं सांगितलं. काल सांगितलं. आजी म्हणाल्या, “संपू दे की तुझं. माझी चूल कुठं संपलीया? शिकायला न्हाय तर जेवायला ये.” आता बोल.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, की आजी, मला कुणी नाही असं नाही, गडहिंग्लजला माझी सख्खी आत्या आहे, रोज फोन करते, दर रविवारी एसटीनं डबा घेऊन येते, मी एकटी नाहीच मुळी. मला स्वतःलाच ते इतकं खरं वाटलं की बोलताना बरं वाटत होतं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं. मग या रविवारी आण की तिला हिकडं. बघू दे मला तुझी आत्या. मग मी पिशवी उचलतो.”

बाकी सगळं ठीक. मामांना नमस्कार. दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही सांग, त्यांनी माझ्या केसांसाठी वेळ काढला.

तुझी,
रक्षिता

ता. क. पत्र कशासाठी लिहिलं ते तुला कळलंच असेल. रविवारी सकाळच्या एसटीनं ये. डब्यात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आण, आजींनाही थोडी. फोन रोज करतेस असं म्हण. नाव क्ष आजी म्हणू नकोस, चिमणाबाई म्हण. (हे तू वाचलं नाहीस.)

ता. क. रोज फोन करणाऱ्या आत्याला माहीत पाहिजे, म्हणून लिहून ठेवते: मला वांगं आवडत नाही, डाव्या कुशीवर झोपते, गर्दीत गेले की खूप बोलते आणि घरी आले की डोकं दुखतं. जून महिन्यापासून इथं आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय. आजी खोदून विचारतात, एसटीत पाठ कर.

ता. क. नाटक नीट कर हं. त्यांना जायचंय, नातीचे दात थांबणार नाहीत. पण आत्या, अगदीच नीट नको. वांग्याचं तेवढं विसरलीस तरी चालेल.