तळमजल्याचे लाल खांब

पनवेल,
गुरुवार, दुपार

प्रिय प्रणित,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच सोडतोस, म्हणून हे तुझ्या कोमलच्या हाती पाठवतेय. ती म्हणाली, "ताई, मी देईन, पण ते वाचतील असं वाटत नाय." वाच रे. भांडायला लिहीत नाहीये.

काल बाबांना डायलिसिसला घेऊन गेले होते. परतताना त्यांनी हट्टाने रिक्षा बेलपाड्याकडे वळवायला लावली. उतरायची ताकद नव्हती, आत बसूनच आपली अर्धी बांधून झालेली इमारत बघत राहिले. मग तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं, "माजी खोली ती. खिडकीतून डोंगर दिसंल." कळंबोलीच्या भाड्याच्या खोलीत, लोखंडाच्या ट्रकांची धडधड ऐकत पडून असलेला हा माणूस एवढंच मागतोय, की शेवटचे दिवस आपल्या जागेवर जावेत. तुझी घाई त्यांच्यासाठीच आहे, हे मला ठाऊक आहे. प्रभाकरकाका म्हणाले, प्रणितला मोठा बिल्डर व्हायचंय म्हणून पळतोय, तेव्हा मीच त्यांच्याशी भांडले.

जुनं घर पाडलं त्या आठवड्यात तू माझ्या ऑफिसात आला होतास, आठवतं? "ताई, लोकांच्या टॉवरची मॉडेलं तपासतेस, आता आपल्या घराचं कर." मी केलं. एकेक सळई कंप्युटरवर उभी केली. तुला खुर्चीत बसवून सगळं घर फिरवून दाखवलं, आणि स्क्रीनवर बाबांच्या खोलीत शिरल्यावर तू खुर्ची आणखी पुढे ओढलीस. त्याच दिवशी तुला तळमजल्याचे खांबही दाखवले होते. खाली सगळं पार्किंग, भिंती नाहीत, म्हणजे सगळा भार या खांबांवर. जिथे खांब वरच्या बीमला मिळतो तिथे सळ्यांभोवतीच्या लोखंडी रिंगा चार-चार बोटांच्या अंतरावर हव्यात, कारण जमीन हलली तर खांब तिथेच फुटतो आणि उभ्या सळ्यांना आवळून धरणारं दुसरं काहीच नसतं. तू मान डोलावलीस.

पुढे दाट रिंगा बांधण्यात फिटरांचे दिवस जायला लागले आणि तू ड्रॉइंग दुसऱ्या इंजिनीअरकडून बदलून घेतलंस. मला कळलं ते तुझ्याकडून मॉडेलसाठी नवी फाइल आली तेव्हा. नेहमीसारखी तपासणी लावली, आणि स्क्रीनवर तळमजल्याचे सगळे खांब लाल झाले, म्हणजे नापास. माझाच नियम चुकला असेल म्हणून परत लावली. परत लाल. तोवर खांब भरूनही झाले होते. मग काँक्रीटच्या आतलं लोखंड दाखवणारा स्कॅनर घेऊन साइटवर आले आणि स्वतः एकेका खांबावर फिरवला. रिंगांमध्ये वीतभर अंतर. तुझा फोरमन शिवा शेजारी उभा होता. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

तू म्हणालास, "तीन मजले उभे आहेत ना? भूकंप काय उद्याच येणार आहे?" नसेल येणार. कधीच नसेल येणार. माझं चुकलेलं असावं, असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल, प्रणित. सगळी गणितं पुन्हा मांडली ती तुझी चूक शोधायला नाही, तुला सोडून द्यायला एखादी फट सापडते का ते बघायला. सापडली नाही. आमच्या ऑफिसातल्या कृष्णकांत सरांनाही दाखवलं. ते म्हणाले, खांबांना बाहेरून नव्या सळ्या, नव्या रिंगा घालून वर काँक्रीट चढवता येईल, खांब वाचतील, पण आधी वरचं काम थांबलं पाहिजे. काही महिने लागतील. ते तुला सांगितलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, "बाबांकडे आहेत का काही महिने?" तेव्हापासून जेवायला बसलं की तुझा आवाज कानात येतो.

आज सकाळी, तू साइटवर गेल्यावर, बाबांजवळ बसून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सगल्यांची घरं उबी हायत, आपलंच पडंल काय गो?" मी म्हटलं, पडेलच असं नाही, पण पडलं तर आत कोमल असेल, प्रणितची मुलं असतील. आणि मग काल काय करून आले तेही सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाणी दिलं तर माझ्या हातून घेतलं नाही.

महापालिकेत तक्रार मी केली आहे. बिल्डरच्या जागी तुझं नाव लिहून दोनदा खोडलं, तेव्हा समोरच्या बाईंनी नवा कोरा फॉर्म पुढे केला. उद्या चौथ्या स्लॅबच्या आधी त्यांची माणसं येऊन काम बंद करतील. हे त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले. तुझा राग मला मान्य आहे, तो जन्मभर ठेव. पण एक मागते. आपल्या भांडणानंतर, ताईला पुन्हा दारात उभं करायचं नाही, असं तू कोमलला सांगितल्याचं कळलं. बाबांचं काही कमीजास्त झालं तर मला निरोप दे. घरात नको घेऊस, मी जिन्यात उभी राहीन.

तुझीच,
अंकिताताई