अण्णांच्या गालिच्याला कसर लागली

अंबरनाथ (पूर्व),
सोमवार

चि. बाळाजीस अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? सुषमाचा खोकला कमी झाला का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे असे लिहायला बसलो होतो, पण खरे तेच लिहितो. अण्णांच्या गालिच्याला कसर लागली. (फोन केला नाही, कारण तू फोन स्पीकरवर ठेवतोस, आणि सुषमाला सकाळी कळलेले नाशिकला आपल्या आक्काला दुपारच्या जेवणाआधी कळते. पत्र वाचून झाले की फाडून टाक.)

रविवारी आमच्या हिमानीचा साखरपुडा. जोडपे बसेल ते अण्णांच्या गालिच्यावरच, असे आक्काने कधीचे बजावून ठेवले आहे. म्हणून परवा पलंगाच्या पेटीतून तो बाहेर काढला. उलगडताना आतून फिकट सोनेरी रंगाची इवलीशी पाखरे उडाली. तुझी सुनेत्रावहिनी म्हणाली, किती गोड आहेत. मीही म्हणालो, गोड आहेत. मग मी कोपरा धरून ओढला, तर कोपरा माझ्या हातात आला आणि गालिचा जमिनीवरच राहिला. बाळाजी, उभा जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात काढला, पण असे काही कधी हातात सुटून आले नव्हते.

आता हे झाले कसे? आमच्या शौनकच्या मुंजीत हाच गालिचा अंथरला होता. कार्य झाल्यावर सुनेत्रा तो झाडायला निघाली, तर आक्काने तिला थांबवले. आपल्याकडे मंगलकार्याची बैठक झाडत नाहीत, अक्षता आत तशाच ठेवून गुंडाळतात. (नियम आक्काचाच, पण हे तिला सांगणार कोण? मी तर नाही.) तेव्हा अक्षता, हळदकुंकू आणि कोणाच्या तरी पानातले श्रीखंड, असा सगळा फराळ आम्ही कसरीला वाढून ठेवला. डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या, नाही असे नाही. पण वासाने सुनेत्राचे डोके दुखते, म्हणून त्या पाकिटातून काढल्या नव्हत्या.

शेजारच्या निशाताईंनी सांगितले की कडाक्याच्या थंडीत अळ्या मरतात. एवढी गुंडाळी मावेल असा फ्रीजर स्टेशनजवळच्या मासळीवाल्याकडेच निघाला. गालिचा प्लॅस्टिकमध्ये बांधून, सुटलेल्या कोपऱ्यासकट, रात्रभर त्यात ठेवला. अळ्या मेल्या असाव्यात. पण प्लॅस्टिक कुठेतरी फाटले होते, आणि आता अण्णांच्या गालिच्याला बोंबलाचा वास येतो. (आक्का कांदासुद्धा खात नाही, हे तुला ठाऊक आहेच.) तसाच तो रिक्षात घालून उल्हासनगरला रफूवाल्याकडे नेला. त्याने तो उजेडात धरला आणि पलीकडून माझ्याकडे पाहत म्हणाला, "अंकल, मैं छेद को रफू करता हूँ. इधर तो छेद में कहीं कहीं गलीचा है." आजूबाजूचे हसले. मीही हसलो, पण मला रडू येत होते.

कारण कुठला कोपरा गेला आहे, ते अजून तुला सांगितलेले नाही. कॉफीच्या डागाचा. भावोजी आक्काला पाहायला आले, ती पोहे घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या हातातली कॉफी सांडली, तो डाग. आक्काने तो कधी कोणाला धुऊ दिला नाही. भावोजी गेल्यापासून ती आली की आधी त्या कोपऱ्याशी बसते, बोलता बोलता डागावरून हात फिरवते, आणि मगच चहा घेते. ती रागावेल म्हणून मी घाबरलेलो नाही. रागावली तर कान धरून उभा राहीन. ती शुक्रवारी येईल, हात खाली नेईल आणि तिथे काही नसेल, याची मला भीती वाटते.

सौ. सुषमास आशीर्वाद. प्रकृतीस जप.

तुझा दादा,
श्यामकांत

ता. क. : अण्णांनी हा घेतला तेव्हा गालिच्यांची जोडीच घेतली होती. दुसरा तुझ्याकडे आहे. तो गुरुवारपर्यंत गुपचूप पोचव. पाठवण्याआधी डाव्या कोपऱ्यावर बशीएवढी कॉफी सांड. फिल्टरची हवी. आणि ओतू नकोस, कोणाला तरी पाहून दचकल्यासारखी सांड.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार इतक्यात आक्काचा फोन आला. म्हणाली, "श्याम, साखरपुडा झाला की तो डागाचा कोपरा मला कापून दे. बाकीचा हिमानीला राहू दे. ह्यांचे कपडे मी सगळे देऊन टाकले रे, आता हाताला लागेल असं काहीच उरलं नाही." मी हो म्हणालो. कोपरा कपाटात ठेवला आहे. तळहाताएवढा उरलाय, डागाची नुसती कड दिसते, आणि बोंबलाचा वास काही जात नाही. तेव्हा कॉफी सांडू नकोस. गालिचा आणलास तर आण, नाहीतर राहू दे. तू मात्र शुक्रवारी तिच्या आधी ये. तो तुकडा तिच्या हातात देताना मला एकट्याला उभे राहवणार नाही.