माझ्या स्वेटरातले दाणे

५ ऑगस्ट

जमलं! अख्खी ओळ विणली आणि एकही टाका गळला नाही. डोळे मिटूनच बसले होते. उघडे ठेवले की उगाच मध्ये लुडबुड करतात.

६ ऑगस्ट

जाड काळ्या पेनाने लिहितेय, पुठ्ठ्याला पाडलेल्या फटीतून. ओळी वर-खाली जात असतील तर जावोत. नजरेच्या मधोमध डाग बसलाय. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, कडेचं तेवढं दिसतं. माणूस बघायचा तर शेजारच्या भिंतीकडे बघायचं! डॉक्टर म्हणाले, "गेलंय ते परत येणार नाही, आहे ते टिकवू." बरं. आहे त्यात दहा बोटं आहेत.

ही वही कुणी तपासणार नाही हे एक बरं. नाहीतर घरात तपासणारे बसलेत! ह्यांचं उभं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलं. आता निवृत्त, पण दुकानाच्या पाट्यांचेसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाहीत. मी प्रुफसाहेब म्हणते. रागावतात, पण आतून खूश असतात.

११ ऑगस्ट

ग्रंथालयात गुरुवारी विणकामाचं मंडळ भरतं. निम्म्या जणींच्या हातात पहिली सुई मी दिली. डाग पडल्यापासून गेलेले नाही. "बिचारी" हा शब्द मला कानाने ऐकायचा नाही.

आज धाकट्या बहिणीला सांगून टाकलं — स्वेटर विणून, अंगात घालूनच येईन. नाही जमला तर सगळी लोकर आणि सुया मंडळाला देऊन टाकीन.

"ताई, कशाला असली अट?"

अट म्हणजे अट.

१४ ऑगस्ट

तीनदा उसवलं. सपाट विणीत बोटांना आपण कुठे आहोत तेच कळत नाही. वाळवंट नुसतं! मेले डोळे!

१७ ऑगस्ट

सुचलं!! सरळ टाक्यांच्या मध्ये ठरावीक अंतरावर एकच उलटा टाका घालायचा. वर दाणा येतो — बारीक, पण बोटाला लगेच लागतो. पुढच्या दाण्यांची रांग थोडी सरकवून. दाणा लागला की कळतं, कुठवर आलो. नक्षीची नक्षी आणि वाटेची खूण! ही वीण मला कुणी शिकवलेली नाही. माझी आहे.

कुणाला सांगणार नाही. प्रुफसाहेबांना तर मुळीच नाही, सूचना सुरू होतील.

२५ ऑगस्ट

पाठ पुरी व्हायला आली. बोटं आपोआप धावतात. आज विणता विणता गुणगुणत होते. कित्येक महिन्यांनी! हे स्वयंपाकघरातून म्हणाले, "स्वारी खुशीत दिसते." आहेच मुळी. डोळे असताना मी इतकं सुबक विणत नव्हते. आपल्या तोंडाने आपली स्तुती, पण इथे दुसरं कोण आहे?

२ सप्टेंबर

आज एका जागी दाणा लागला नाही. विसरले असेन. त्यामुळे पुढची मोजणी चुकली, अर्धी ओळ उसवली.

५ सप्टेंबर

पुन्हा! आता दोन. काल संध्याकाळी सगळे दाणे चाचपून मगच सुया ठेवल्या होत्या. की तसं नुसतं वाटलं?

९ सप्टेंबर

समोरचा भाग जागोजागी सपाट झालाय. मी पुन्हा घालते, पुन्हा निसटतात. आज सुया आपटल्या आणि रडले. ह्यांनी पाठीवर हात ठेवला. "अगं, होतं असं. काही बिघडत नाही." हे इतक्या गोड आवाजात बोलले म्हणजे माझं काम फारच वाईट दिसत असणार.

१० सप्टेंबर

डोळे गेले ते सोसलं. बोटांनी दगा द्यावा, हे नाही सोसवत.

१३ सप्टेंबर

ठरलं. उद्या गुरुवार. सकाळी मी फिरून आले की धाकटी पिशवी घेऊन जाईल — लोकर, सुया, अर्धामुर्धा स्वेटर, सगळं. ती फोनवर म्हणाली, "ताई, एकदा विचार कर." केला. मंडळाला मी ताठ मानेचीच आठवावी. चुकांची लक्तरं अंगावर घालून जायचं नाही.

१४ सप्टेंबर

फिरायला निघाले, शाल राहिली म्हणून कोपऱ्यावरूनच परतले. दार लोटलेलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, तेव्हा कडेला हे दिसले — खुर्चीत, मांडीवर माझा स्वेटर, हातात क्रोशाची सुई!

"अहो, काय करताय?"

केवढे दचकले! "काही नाही गं... शेवटचं तरी नीट करून द्यावं म्हटलं. सरळ विणीत तुझ्या मध्येच गाठी राहतात. तू फिरायला गेलीस की रोज थोड्या सपाट करतो. धाकटीकडून शिकून घेतलं, तुझ्या चोरून. तू खचू नयेस म्हणून."

गाठी! माझे दाणे!!

आधी ओरडले, मग हसू आवरेना, मग रडू. तेही रडले. धाकटी पिशवी न्यायला आली आणि दारातच थबकली.

माझा एकही टाका चुकला नव्हता. एकही नाही!